परबकाकांचं गाऱ्हाणं

परबकाका ट्रॅक्टरवर बसण्याआधी रिकाम्या सीटवर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "जरा सर बाबा, माका बसूचा आसा." मग क्षणभर थांबायचे. बसमध्ये शेजारचा सरकेपर्यंत आपण थांबतो ना, तेवढाच वेळ. आणि मग सीटच्या अर्ध्या भागावर, अंग चोरून बसायचे. उरलेली अर्धी सीट शेवटपर्यंत मोकळी.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भांडण करायला गेले तेव्हा. भांडुपला डोंगराच्या बाजूला आमची सोसायटी आहे, मी तिची सेक्रेटरी. बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, घरी कोणी नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी बंगळुरात. म्हणजे भांडायला वेळच वेळ. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा जुनी इंजिनं धडधडवतो, दुपारची झोप होत नाही, अशी तक्रार आली आणि मी तरातरा खाली गेले. तर हे महाशय रिकाम्या सीटशी बोलतायत.

"कोणाशी बोलताय?" मी विचारलं.

"आधी बसलेलो आसा तेच्याशी," ते म्हणाले. "इतकी वर्सां जो बसलो, तो असो लगेच उठतलो काय?"

माझं डोकंच फिरलं. पण मालवणी ऐकली आणि निम्मा राग तिथेच गेला. माझे वडील सावंतवाडीकडचे, गिरणीत होते. ते गेल्यावर घरातून ती बोली गेली. मला समजते सगळी, बोलायला गेले की जीभ अडखळते. काकांनी ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. "ऐकाक येता मां? मगे झाला," म्हणाले आणि माझ्या हातात पाना दिला.

आमची सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी एका इंजिनिअरिंग कंपनीची होती. काका तिथे फिटर. कंपनीच्या मालकाला बागेचा भारी शौक, त्याने परदेशातून एक छोटा लाल ट्रॅक्टर आणवला होता, आपल्या शेतातल्या ट्रॅक्टरच्या पोराएवढा. त्याला मागे एकच फाळ, आणि तो चालवायचा बागेचा म्हातारा माळी. कंपनी बंद पडली, मशिनं भंगारात गेली, ट्रॅक्टर मात्र काकांनी भंगारवाल्याकडून सोडवून आणला. पुढे हा नादच लागला. गोरेगावच्या एका स्टुडिओच्या बागेतला हिरवा, मुलुंडच्या एका बंगल्यातला निळा, असे तीन झाले. बिल्डरने इमारती बांधल्या आणि डोंगराकडची चार गुंठे जागा बागेसाठी सोडली. माझ्याआधीच्या कमिटीने काकांना तिथली शेड वापरू दिली, त्या बदल्यात ते जागा साफ ठेवत. दर वर्षी मृगाच्या आधी ते तिथे नांगरणी करायचे. भांडुपमध्ये नांगरणी! मी मुलीला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं हसत होती.

मी तक्रार मिटवायला गेले आणि रोज जायला लागले. इंजिन खोलायचं कसं, गंजलेले नट रॉकेलमध्ये रात्रभर कसे मुरवायचे, पुठ्ठ्याचं गॅस्केट कसं कापायचं, सगळं शिकले. मी घाई केली की काका म्हणायचे, "गंजाक घाई नाय, तर तुका कित्याक?" निळ्या ट्रॅक्टरला आम्ही दोघांनी नवा रंग मारला, पण सीट आणि स्टिअरिंगचा झिजलेला भाग त्यांनी मला रंगवू दिला नाही. "हय माणूस बसलेलो आसा. तेका पुसूचा नाय." मी म्हटलं, काका, अहो लोखंड आहे ते. तर नुसते हसले.

लोखंडच आहे, असं मीही बरेच दिवस धरून चालले होते. मग एकदा सकाळी सातला मी एकटीच शेड उघडली. रात्रभर कुलूप होतं. निळ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावला, गार. सीटवर बसायला गेले तर सीट गरम. ऊन नाही, दिवा नाही, आणि आत्ता कोणीतरी उठून गेल्यासारखी ऊबदार सीट. मी थेट घरी गेले आणि दार लावून घेतलं. काकांना संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "सर म्हटलंस काय तेका?"

आणखी एक गोष्ट होती. जागेच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात, जुन्या उंबराजवळ आलं की लाल ट्रॅक्टर बंद पडायचा. दर वेळी, नेमका तिथेच. मी प्लग काढून पाहिला, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल बदललं. इतरत्र झकास चालायचा, तिथे गेला की एक उचकी द्यायचा आणि गप्प. काका मुळीच वैतागायचे नाहीत. खाली उतरायचे, चपला काढायचे, हात जोडायचे आणि ट्रॅक्टर ढकलून मागे घ्यायचे. तिथे दोन हात रुंदीची एक पट्टी ते बिननांगरलेली सोडत. "तेचो रस्तो तो," म्हणायचे. 'तो' म्हणजे राखणदार. कोकणात प्रत्येक जागेला एक असतो, जागेची राखण करणारा. त्याला नारळ ठेवायचा, सांगून-सवरून जागेत शिरायचं. माझे वडीलही मानायचे. पण भांडुपला, लिफ्टच्या इमारतींमागे?

"डोंगर हयच आसा मां?" काका म्हणाले. "तो खय जातलो?"

काकांच्या मते नांगरणी त्याच्यासाठीच होती. वर्षातून एकदा माती उकरली की त्याला आपली जागा कुठली ते कळतं. नाही उकरली तर तो शोधत फिरतो. आमची ओळख व्हायच्या आधी एका वर्षी काका न्यूमोनियाने इस्पितळात होते आणि नांगरणी चुकली. त्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या चार घरांत स्वयंपाकघरात सकाळी ओली माती सांडलेली दिसायची. मला ते पक्कं आठवत होतं, कारण उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचं पत्र मीच काढलं होतं. माणूस आला, औषध टाकून गेला, एकही घूस मेली नाही. माती मात्र येत राहिली. पुढच्या मृगाआधी काकांनी नांगरलं आणि ती थांबली. हे मी काकांकडून ऐकेपर्यंत दोन गोष्टी कधी जोडल्याच नव्हत्या. त्या रात्री मी ते जुनं पत्र काढून त्यावरची तारीख पाहिली.

गेल्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले. एक मुलगा, तो परदेशात. त्याला यात काडीचा रस नाही. "माज्या मागसून कोण?" हे ते सारखं म्हणायचे, आणि मी विषय बदलायचे. कारण माझं ठरलं होतं. मुलीला दिवस गेले होते, श्रावणात बाळंत होणार होती. मी भांडुपचं घर विकून कायमची तिच्याकडे जाणार होते. काकांना हे सांगायचा धीर होत नव्हता.

मृगाच्या आधल्या आठवड्यात भर दुपारी बाराला त्यांनी मला खाली बोलावलं. दुपारचे बारा ही राखणदाराची वेळ. उंबराखाली नारळ, पानाचा विडा, पट्टीच्या जरा अलीकडे लाल ट्रॅक्टर चालू करून ठेवलेला. काका गाऱ्हाणं घालणार होते. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने, सर्वांसमक्ष सांगणं. एकजण सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं लागत नाही. मी लहानपणी गावाला शंभरदा म्हटलेलं. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं, अर्थाकडे कोणाचं लक्ष असतं?

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्याच्या राखणदारा, तुका ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. एजंटचा मेसेज, घराला गिऱ्हाईक मिळालं. मी मान खाली घालून वाचायला लागले. काका पुढे काहीतरी म्हणाले, त्यांचा 'रे म्हाराजा' कानावर आला आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळी झाले.

वर पाहिलं तर काका रडत होते. त्यांचे हात थरथरायचे थांबले होते.

"काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

त्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं. माझे हात थकले, यापुढे ह्या जागेचं जोत, हिची नांगरट, ह्या बाईच्या हाती दिली, ती ही जागा सोडून कुठे जाणार नाही. एवढंच.

मी भडकले. "ही फसवणूक आहे काका! मला विचारायचं तरी!"

"इचारलंय मां," ते म्हणाले. "तू व्हय म्हटलंस."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. म्हटलं, बँकेत पस्तीस वर्षं काढलेली बाई मी, असल्या गोष्टींना भिणार? आषाढात मुलीकडे गेले. दहावा मजला, नवी कोरी इमारत, गॅलरीत कुंडीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, ही माती कुठून आली गं?" ओट्याखाली ओली माती होती, मुठीएवढी. मी वाकून पाहिलं. तिला भांडुपच्या शेडमधल्या ऑइलचा वास होता. माझ्या नखांतही ती भरलेली होती. मुलगी पोटावर हात ठेवून उभी होती. मी त्याच संध्याकाळी परतीचं तिकीट काढलं. खोटं कशाला सांगू, मी भ्याले होते. माझ्यासाठी नाही, त्या न जन्मलेल्या पोरासाठी.

काका तोवर शेजारच्या चाळीतल्या आपल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, "मला सोडवा. दर वर्षी विमानाने येईन, नांगरून जाईन. पण मला माझ्या मुलीकडे राहू द्या."

"बोललेला तसा नाय गो," ते म्हणाले. मग कोपरावर रेटून जरा वर झाले. "बरा. घातलेला गाऱ्हाणा उलटा घालूक येता. माका खाली घेऊन चल."

शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उंबराखाली आणून ठेवलं आणि ते कामाला निघून गेले. बारा वाजत आले होते. ढग होते पण पाऊस नव्हता. मी पट्टीच्या अलीकडेच लाल ट्रॅक्टर चालू केला, कारण काका म्हणाले, ज्या आवाजात घातलं त्याच आवाजात उलटायचं. जागा त्याच वर्षी नांगरलेली, तासांच्या, म्हणजे फाळाने पडलेल्या चरांच्या, रेघा अजून दिसत होत्या. त्या रेघा काकांनी शेवटच्या म्हणून ओढल्या होत्या, माझ्याशी अबोला असताना, एकट्याने. जरा वाकड्या होत्या.

काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही बाय ह्या जोतातसून आता मोकळी झाली. तिका आणि तिच्या पोराबाळांक तू सोड रे म्हाराजा!"

होकार भरायला मी एकटीच होते. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. म्हटले की सुटले.

माझं तोंड उघडलं नाही.

कोणी गळा दाबला नव्हता, जीभ लुळी पडली नव्हती. शब्द अगदी ओठांवर होता. मी त्या वाकड्या तासांकडे बघत होते. पुढच्या वर्षी हे सरळ करायला हवेत, असं माझ्या मनात आलं. ते माझ्याच मनात आलं की कोणी आणून ठेवलं, हे मला आजही सांगता येत नाही.

"म्हण गो," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. मी गप्प. तिसऱ्यांदा घातलं, त्यांचा आवाज फुटत होता, मी गप्पच. मग त्यांनी हात खाली घेतले.

"माका पण म्हाताऱ्या माळ्यान असोच सोडल्यान होतो," ते म्हणाले. "कंपनीत असताना. तेवा माका दुबयची नोकरी लागलेली. पासपोट खिशात होतो." मग त्या तासांकडे बघून म्हणाले, "मी पण असोच गप ऱ्हवलंय."

आठवड्याने काका गेले. त्यांच्या मुलाला मी फोन केला, तो अंत्यविधीला पोचला नाही. ट्रॅक्टर तुम्हीच ठेवा म्हणाला.

श्रावणात नातू झाला. मुलीकडे पुन्हा माती दिसली नाही. मी त्याला अजून फक्त फोनवर पाहिलंय. मुलगी रडते, रागावते, म्हणते, "आई, तुला तिथे अडवून कोणी ठेवलंय?" मी काहीबाही सांगते, गुडघे दुखतात, घराला भाव येत नाही. खरं ते तिला कसं सांगू? मला कोणी अडवलेलं नाही. मला तीनदा सोडलं होतं, आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले.