रिसॉर्टच्या गेटवर, मधल्या सीटवरून

“ती पुढे बसलीय ना, ती इथलीच आहे. बघ आता, ह्यांना सोडतील.”

शेजारच्या गाडीतली बाई नवऱ्याला सांगत होती. त्यांच्या काचा खाली होत्या, आमच्याही. रिसॉर्टच्या गेटपुढे दोन्ही गाड्या इतक्या चिकटून उभ्या होत्या की तिच्या मांडीवरच्या वेफर्सचा वास आमच्या गाडीत येत होता. पुढे बसलेली ‘ती’ म्हणजे माझी वहिनी. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ती गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनला “ओ काका! काका, इकडे!” अशा हाका मारत होती आणि काका दुसऱ्याच एका गाडीशी भांडण्यात गुंतले होते.

मी मागे, मधल्या सीटवर. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, पायाखाली गाडीच्या मधोमधचा तो उंचवटा आणि गुडघे जवळजवळ हनुवटीशी. मला दिसत होती ती वहिनीची वेणी आणि सीटच्या पाठीवर टाकलेली तिची ओढणी. ती सीट माझी होती.

दादा गाडी शिकला तेव्हापासून माझी होती. तसं कोणी ठरवलं नव्हतं. बाबा पुढे बसले की समोरच्या प्रत्येक ट्रकला स्वतः ब्रेक मारतात. आईला मागे पाय पसरून डुलकी काढायला आवडतं. राहिले मी. मग रस्ता सांगायचं काम माझं झालं, कारण दादाला डोंबिवलीबाहेरचे रस्ते कधीच लक्षात राहत नाहीत.

मी फार बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझ्या मराठीला नातेवाईक हसतील ही भीती लवकर बसली. इंग्रजीत बोलले तर शिष्ट म्हणतील ही दुसरी. दोन्हींच्या मधे गप्प राहणं सोपं होतं. घरी पाहुणे आले की मी पाणी देऊन आत जाते. पण पुढच्या सीटवर मला बोलता यायचं. तिथे दोघांनी समोर बघायचं असतं, एकमेकांच्या तोंडाकडे नाही. “पुढे सिग्नल आहे, मग डावीकडे,” असं सांगता सांगता मी दादाला ऑफिसातलं सांगायचे, न आवडलेलं सांगायचे, एकदा रडलेही होते. एकदा ठाण्यात मी डावीकडे म्हणायला उशीर केला आणि खोपटला आम्ही एका एसटीच्या मागोमाग सरळ डेपोत शिरलो. आतून एक कंट्रोलर ओरडला, “कुठली गाडी? कितव्या फलाटाला लावताय?” घरी पोचेपर्यंत आम्ही हसत होतो.

ती गोष्ट दादा सगळ्यांना सांगायचा. वहिनीलाही सांगितली. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते, मला ऐकू येत होतं. “मी एकदा खोपटला डेपोत गाडी घातलेली,” तो म्हणाला. त्यात मी नव्हतेच.

लग्नानंतर पहिल्यांदा कुठेतरी निघालो तेव्हा मी सवयीने पुढचं दार उघडलं होतं. आई मागून हळूच म्हणाली, “अगं, तिला बसू दे.” बस, एवढंच. कोणी वाईट वागलं नाही. वहिनी तर “नको नको, तूच बस,” म्हणत होती आणि म्हणता म्हणता बसली.

तिला नकाशा लागत नाही. ती बोट दाखवते. “इथून घ्या, तो लांबचा आहे.” ती दिवसभर बोलते. भाजीवाल्याशी, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी, बाबांशी, ज्यांच्याशी मी अजून हवापाण्यापलीकडे गेलेले नाही. आमच्या बिल्डिंगचा नवा वॉचमन मला अजून “कोणाकडे जायचंय?” विचारतो आणि तिला मात्र “नमस्कार वहिनी.” बिल्डिंगखाली आमच्या फ्लॅटची पार्किंगची जागा एकच. दादाची गाडी उभी राहिली की भिंतीलगत एक स्कूटर मावते. तिथे माझी असायची. आता तिची असते. माझी बाहेर जांभळाखाली. सीटवर रोज पक्ष्यांची घाण आणि उन्हाळ्यात वरून पडलेली जांभळं, ज्यांचे डाग माझ्या दोन सलवारींवर कायमचे आहेत. तेव्हाही कोणी वाईट वागलं नव्हतं. “तुझं काय, तू पटकन कुठेही लावतेस,” दादा म्हणालेला.

या सहलीची कल्पना वहिनीचीच. तिचं माहेर खडवलीच्या बाजूचं. हे रिसॉर्ट आणि त्याचं वॉटर पार्क तिच्या गावच्या जमिनीवर उभं आहे. जिथे आता लाटांचा तलाव आहे तिथे तिच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. जमिनी देताना गावाने एक अट घातलेली. गावातल्या घरांच्या गाड्या आतल्या गेटने जाणार, झाडाखालच्या पार्किंगला लागणार, त्यांना कोणी पैसे विचारणार नाही.

“बाकीच्यांना काय करतात माहितेय?” टिटवाळा मागे पडल्यावर तिने मागे वळून आम्हाला सांगितलं होतं. “खोली घ्या नाहीतर नुसते दिवसभरासाठी या, पार्किंग वेगळं द्यायचं. ते पण रस्त्यापलीकडच्या माळावर. तिथून उन्हात चालत यायचं, सामान घेऊन. बॅटरीची गाडी फक्त बंगलेवाल्यांना.”

“हे बुकिंग करताना सांगत नाहीत?” बाबांनी विचारलं.

“सांगतील कशाला? पण आपल्याला काय, बाबा. आपली गाडी आतच जाते. माझ्या गेटवर मला कोण पैसे मागतोय?”

माझ्या गेटवर. मी खिडकीबाहेर बघायला गेले, पण मधल्या सीटला खिडकी नसते. मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो सीटचाच नव्हता. तिला आमच्या घरी येऊन एक वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात तिने माझ्या भावाच्या शेजारची सीट घेतली, भिंतीलगतची जागा घेतली, वॉचमनचा नमस्कार घेतला. वर तिचं स्वतःचं एक अख्खं गेट होतं. माझ्याकडे एकही नव्हतं. इतकं सगळं एकाच बाईला कसं काय मिळतं?

गेटवर आता आवाज चढला होता. पुढच्या गाडीतला माणूस खाली उतरून म्हणत होता, “खोलीचे घेतले, नाश्त्याचे घेतले, आता गाडी उभी करायचे. सावलीत थांबलं तर त्याचे पण घेणार का?” त्याची छोटी मुलगी पोहायचा चष्मा लावूनच गाडीत बसली होती. शेवटी तो शिव्या घालत गाडी वळवून माळाकडे गेला आणि आमचा नंबर आला.

वॉचमन काका जवळ आले. वहिनीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“कवा आलीस गो बाय? जाडी झालीस. सासर मानवलं.”

“आत्ताच येतोय, काका. हे माझे सासूसासरे. उघडा की गेट, मागे लाईन लागलीय.”

काकांनी गेट उघडलं नाही. गाडीच्या काचेकडे बघितलं, मग दादाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“ही गाडी जावयांची ना?”

“हो. मग?”

“मंग तिकडं माळावर लावायला लागंल गो.”

वहिनी हसली. “काका, चेष्टा नको. मी आहे आत.”

“तू हायस गो. तुला कोण नाय बोलतंय? तू चालत ये, कवा पण ये. पण गाडी...” त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. “आता नवीन नेम झालाय. लगीन झालेल्या पोरींच्या सासरच्या गाड्या धरायच्या नाय. पोरगं असलं घरात तर त्याची धरायची.”

“कोणी केला हा नियम? ह्या रिसॉर्टवाल्यांनी?”

काकांनी नजर गेटाकडे वळवली. “रिसॉर्टवाल्यांनी नाय. गावानीच सांगितलं. जागा पुरंना. तुजा दादूस व्हता मिटिंगला, त्यानीच मांडलं.”

मी खरं तेच लिहिते. त्या क्षणी मला आनंद झाला. लहान मुलाला होतो तसा, पोटातून. शेजारच्या गाडीतली बाई नवऱ्याला म्हणाली, “अगोबाई, ह्यांना पण माळावरच,” आणि मला तिला टाळी द्यावीशी वाटली.

वहिनी खाली उतरली. गेटच्या खांबाला टेकून तिने भावाला फोन लावला. तो काय बोलत होता ते कळत नव्हतं, पण हिचं ऐकू येत होतं. “मी गेटवर आहे... अरे हो, ते कळलं... पण मला एक शब्द तरी... नाही, नाही, तू येऊ नकोस... हो, वहिनीला सांग विचारलंय... नको, राहू दे. राहू दे म्हटलं ना.”

त्यांच्या घरातली वहिनी. तिच्या भावाच्या गाडीत आता पुढे ती बसत असणार, हे लगेच माझ्या डोक्यात आलं. का आलं कुणास ठाऊक.

मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. वहिनी परत आली ती पुढच्या दाराकडे गेली नाही. बाबांच्या बाजूचं दार उघडून वाकली आणि मला म्हणाली, “तू बस ना पुढे. मला तिथे ऊन लागतंय.”

ऊन दोन्हीकडे सारखंच होतं. बाबा उतरले, मी उतरले. वहिनी मधल्या सीटवर शिरली आणि मी पुढे जाऊन बसले.

किती महिने मी त्या सीटची वाट बघत होते. बसले तर पाय पोचेनात. तिच्या उंचीप्रमाणे सीट मागे सरकवलेली होती. पट्टा ओढला तर त्याला तिच्या अत्तराचा वास. खालचा दांडा ओढून सीट पुढे घ्यायला मला पूर्वी क्षणही लागायचा नाही. आता मी हात तसाच मांडीवर ठेवला. दादाने गाडी वळवली. रस्ता सांगण्यासारखं काही नव्हतंच. रस्ता ओलांडला की समोर माळ आणि शिट्टी वाजवून गाड्या लावणारे दोघे. दादाने पैसे दिले, पावती घेतली, काचेखाली ठेवली. सगळीकडे धूळ, एक झाड नाही. लोक टॉवेल डोक्यावर घेऊन पिशव्या ओढत गेटाकडे चालले होते.

दादाने गाडी बंद केली. कोणी उतरेना. मी वरच्या आरशात बघितलं. वहिनी आईबाबांच्या मधे, पाय उंचवट्यावर, गुडघे वर. मी बसते अगदी तशी. ती काहीही बोलत नव्हती. आमच्या घरात आल्यापासून तिला इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते गप्प बसणं मला तिच्यापेक्षा जास्त ओळखीचं होतं. माझा आनंद अजून होता. नव्हता असं नाही. पण तो आता चपलेत खडा गेल्यासारखा टोचत होता.

आईला शांतता सहन होत नाही. तिने पाण्याची बाटली वहिनीला दिली आणि मायेने म्हणाली, “जाऊ दे गं. मनाला लावून घेऊ नकोस. लग्न झालं की माहेर पाहुणचारापुरतंच. माझं काय वेगळं झालं? रीतच आहे ती.”

“आणि त्यांचंही बरोबर आहे ना,” दादा म्हणाला. तो तिचं मन हलकं करायला बघत होता, मला माहितेय. “सगळ्या मुलींच्या गाड्या आत घेतल्या तर घरच्यांनी लावायच्या कुठे?”

बाबा म्हणाले, “प्रॅक्टिकल विचार केला तर आहे बरोबर.”

आरशात वहिनीने बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं.

मला एकदम आमची भिंत दिसली, बिल्डिंगखालची. भिंतीलगतची तिची स्कूटर. जांभळाखालची माझी, सीटवर डाग पडलेली. कुठल्याही मिटिंगशिवाय, कुठल्याही नेमाशिवाय बाहेर गेलेली. आणि मी इतके महिने समजत होते की ती जागा वहिनीने घेतली.

मी समोर बघत होते. धुळीपलीकडे गेट होतं, एक पांढरी गाडी न थांबता आत जात होती. समोर बघत असलं की मला बोलता येतं, हे मी विसरले होते.

“दादा, माझी स्कूटर तर माझ्या लग्नाआधीच बाहेर गेलीय. लग्न झाल्यावर मी आले, तर कुठे लावायची?”