मयताला वाजवायची धून

आमच्या गावात बँडाशिवाय ना बारसं व्हायचं, ना मयत. एलेउतेर्यो मागसोम्बोल त्या बँडात चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता. सगळे त्याला लोलो तेर्यो म्हणत. लोलो म्हणजे आजोबा, पण नातवंडं व्हायच्या कितीतरी आधीच तो लोलो झाला, इतका कुरकुऱ्या.

त्याचे खरे दिवस म्हणजे बंदीचे. आमच्या देशावर राज्य करणाऱ्या अमेरिकनांनी आमच्या झेंड्याला मनाई केली, तेव्हा देशाची धूनही कुणी उघड वाजवेना. तेर्योनं शक्कल लढवली. तीच धून निम्म्या लयीत आणून तो मयताला वाजवू लागला. गोरा साहेब टोपी काढून अदबीनं उभा राहायचा आणि शवपेटीमागचे लोक तोंडावर रुमाल धरायचे, रडायला म्हणा की हसू दाबायला म्हणा. काय दिवस होते ते! बारा वर्षं गावानं आपली माणसं त्याच धुनेवर पोचवली.

एकोणीसशे एकोणीस साली, कायदेमंडळात आपली माणसं बसल्यावर, बंदी उठली. चौकात झेंडा चढणार होता. तेर्योला एकच ध्यास लागला: ही धून मरण्याआधी एकदा तिच्या खऱ्या चालीत वाजवायची, बंदीआधी वाजवली होती तशी.

"लोलो, तुम्ही आपले खुर्चीत बसून ऐका," नवा बँडमास्तर क्रिस्पुलो म्हणाला.

"बसायला चर्चमध्ये बाक आहे मला. तुझ्या बारशाला कोण फुंकत होतं रे?"

"पण बोटं पळतील का?"

"पळतील. तू तुझ्या ढोलवाल्याचं बघ. सकाळपासून ढोसतोय."

पंधरा दिवस तो नारळीच्या बागेत एकटाच घोटत बसला. बोटं काही पळेनात. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

झेंडा चढू लागला, बँडची धून दौडत निघाली. सुरुवातीला तेर्यो बरोबर होता. मग बोटं आपोआप मयताच्या लयीत उतरली. बँड संपला तरी हा अर्ध्यातच. म्हाताऱ्यांनी सवयीनं टोप्या काढल्या, बायकांनी छातीवर क्रूस रेखला. कुणी नवऱ्याचं, कुणी लेकाचं नाव पुटपुटू लागलं.

तेर्योनं क्लॅरिनेट खाली घेतलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टोप्या घाला रे! आज कुणी मेलेलं नाही. नासवला मी सोहळा."

लोला बासिलिया, गावची आजी, गर्दीतून पुढे आली. तिचा नवरा स्वातंत्र्यासाठी लढलेला, बंदीच्या काळात वारला. त्याच्या पेटीमागे तेर्योच वाजवत चालला होता.

"नासवला कसला? पोरांनी वाजवलं ते आमच्यासाठी. माझ्या म्हाताऱ्याला आपण तुझ्या चालीवर पोचवलं, त्याला तीच ऐकू जाईल. पुरं कर. झेंडा चढला ते त्यालाही कळू दे."

क्रिस्पुलोनं हात उचलला, या खेपेला अगदी सावकाश, आणि सगळा बँड तेर्योच्या मागून वाजू लागला.