चिंचेच्या पाल्याची नक्षी

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मामा कीबोर्डवरून उघडा तळहात हळूच फिरवत. मागावर ताणलेल्या सुतात एखादा धागा सैल आहे का, हे बघायची हाताची जुनी सवय. मग म्हणत, "आधी मांडणी होऊ द्या की, सर. पुढचं काय, हुतंच."

जुळे सोलापुरात मी कॉम्प्युटरचे क्लास घेतो. मामा आमच्याच गल्लीतले. त्यांचा सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेला. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, की मागावर मोर उमटायचा. मोर खपतो म्हणून मालकाला मोरच हवा असे. मामींना मात्र चिंचेच्या पाल्याची चादर हवी होती, त्यांच्या माहेरच्या दारात होतं त्या झाडाची. "रिटायर झालो की काढतो," असं मामा सांगत राहिले. रिटायर झाले आणि हात कापायला लागला. चौकोन काही भरेना.

पायथन नावाच्या भाषेत थोडं लिहिलं की कॉम्प्युटर चौकोन भरून देतो, असं मी एकदा सहज बोलून गेलो. झालं. दुसऱ्या दिवशी मामांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर पुसूनबिसून तयार.

ही भाषा आधी कॉम्प्युटरवर बसवावी लागते. बसत असताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत जाते. तुम्हीआम्ही तेवढ्यात चहा पिऊन येऊ. मामा खुर्ची ओढून तिच्याकडे बघत बसत, कुणाला मधून जाऊ देत नसत. दुपारची वेळ, ओढलेले पडदे, पंख्याची घरघर. मला डुलकी लागे आणि ती पट्टी खिडकीतून बाहेर निघून ऊन पडलेल्या रस्त्यावर लांबत चाललीय असं वाटे. अशा दुपारी मला फार आवडत.

पण काम अडलं. चित्र काढण्यासाठी लागणारं जोडसामान मी बसवलं होतं, तरी ते सापडत नाही म्हणून तांबडी ओळ यायची. मी वैतागून आत शोधलं, तर तीन-तीन पायथन सुखाने नांदत होते. नवी आवृत्ती आली की मामा ती बसवत, जुनी काढत नसत. सामान एकाकडे आणि काम दुसऱ्याकडे.

"जुने काढून टाकू या, मामा."

त्यांचा चेहरा उतरला. "मागावरचा जुना ताणा, उभ्या सुताचा, कुणी कापतंय का, सर? त्याच्याच टोकांना नवा गाठ मारून जोडायचा असतो. कापला तर समदं पयल्यापासनं."

"इथं गाठ बसत नाही."

"मग तुमीच काढा. मी बगत न्हाय," मामा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मला फार वाईट वाटलं.

मी जुने दोन काढून सामान नव्याकडे बसवलं. त्यानंतर तांबडी ओळ आली नाही. मामांनी लिहिलं होतं तसा पडद्यावर वरून खाली एकेक रांग भरत पाला उतरला. हात पुसत आलेल्या मामी म्हणाल्या, "लई बारीक पानं काढलीत की."

"चिंचंचीच हाईत. बारीकच असणार," मामा लाजून हसले.

चादर विणायची मात्र राहिली. उन्हाळ्यात एका दुपारी मामा झोपेतच गेले.

परवा मामींनी मला बोलावून तो पाला कॉम्प्युटरवर पुन्हा लावायला सांगितला. रांगा भरत होत्या.

"तुमच्या माहेरच्या दारातलं झाड असंच होतं का, मामी?"

"आसंच," त्या म्हणाल्या. "लग्नाआदीच तोडलं ते. ह्यांनी कदी बगितलंच न्हाय. मी सांगितलं तेवढ्यावरनं काढलंय."