कागदावरचं कुंकू

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात आत्याच्याच दाव्यातला एक अर्ज स्कॅन करून घेत होतो. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दुकानदारानं विचारलं, पुढचं पान लावू का? मी म्हणालो, लाव.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, सुनंदाची आई. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पण त्यासाठी वडिलांशी भांडली ती. चिकलठाण्याच्या पुढं तिचा जमिनीचा तुकडा होता आणि शेजाऱ्याशी सामाईक विहीर. दुष्काळात आसपासचे बोअर आटले, तरी त्या विहिरीनं तळ दाखवला नाही. अख्खी वस्ती तिथं पाणी शेंदायला यायची. मग शेजाऱ्यानं आपला हिस्सा एका बिल्डरला विकला आणि मुरमाचे ढीग विहिरीच्या काठावर येऊन पडले. तातडीनं मनाई हुकूम आणणं, एवढाच मार्ग उरला.

दावा आता ऑनलाइन दाखल करायचा असतो. वकीलसाहेबांनी कागद तयार करून दिले, आत्यानं सही केली आणि रिवाजाप्रमाणं हळदकुंकू लावलं. नवरा गेल्यापासून तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. कागदाला मात्र मनापासून लावलं, बरकत यावी म्हणून थेट सहीवरच. आमच्याकडं ट्रॅक्टरला लावतात, चोपडीला लावतात, दाव्याला लावलं तर कुणाला वावगं वाटणार? वकिलांच्या ऑफिसात ते पान स्कॅन झालं, सहीच्या जागी काळा डाग उमटला आणि तसंच अपलोड झालं. कचेरीनं हरकत काढली: सही दिसत नाही, दुरुस्त करून द्या. त्यात लागून सुट्ट्या आल्या. दावा न्यायाधीशांपुढं जाईपर्यंत टिप्परनी विहीर भरून टाकली.

वकीलसाहेब म्हणाले, "आत्याबाई, मशीनला कुंकू कळत नाही. त्याला काळंच दिसतं."

"मंग तुमच्या डोळ्याला तं दिसलं आसंल नं, साहेब?"

साहेब फाईल चाळत राहिले. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "बापू, हीर माझ्या कुंकवानं बुजली व्हय?"

"नाय आत्या. मुरमानं बुजली."

"शिकलेला हायेस, तुला खोटं बी नीट बोलता येतंय."

त्यानंतर ती गारखेड्याला, लेकीकडं राहायला आली. तिथं टँकरचं पाणी. विहिरीवर आता इमारतीचं पार्किंग झालंय, हे मी तिला सांगितलं होतं, लपवलं नाही. ती म्हणायची, "बुजलेली हीर उकरता येती. हुकूम तं येऊ दे." प्रत्येक तारखेला मी फक्त पुढची तारीख घेऊन यायचो.

वारसाचं नाव मुदतीत लावलं नाही तर दावाच संपतो. म्हणून गेल्या आठवड्यात वकिलांच्या ऑफिसात बसून सुनंदाच्या नावानं अर्ज चढवला. आत्याच्या नावामागं 'मयत' टाइप केलं, बटण दाबलं. या वेळी कसलीच हरकत निघाली नाही...

तिथून सुनंदाकडं गेलो. गॅलरीत खिळ्याला शेंदायचा दोर टांगलेला होता. विहीर सोडून इथं राहायला येताना आत्यानं तेवढाच सोबत आणला होता. सुनंदा म्हणाली, "दादा, कपडे वाळत घालायला बांधू का हा?" मी दोर उतरवून हातात घेतला. आत्याची मूठ जिथं बसायची तिथं तो अजून गुळगुळीत आहे. बाकी सगळा कोरडाठाक.