भीमराजच्या नव्या चपला

हिंगोलीतल्या त्या वस्तीत आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघाली की लेझीमच्या पहिल्या रांगेत भीमराज असायचाच. पण कुष्ठरोगानं त्याचे पाय बधिर केले. औषधांनी रोग बरा झाला, बधिरपणा मात्र राहिला. काच रुतली तरी कळेना. डाव्या तळव्याला जखम झाली, ती काही भरेना. लोक काय म्हणतील म्हणून पाय फडक्यात गुंडाळून तो घरातच बसू लागला. मिरवणूक दारावरून गेली तरी उठायचा नाही.

पुढं शहराच्या आरोग्य विभागानं वस्तीतल्या समाजमंदिरात दर आठवड्याला दवाखाना सुरू केला. भीमराज तिथंही फिरकेना, तेव्हा तिथली नर्स करुणा सिस्टरच घरी आली. खाली बसून तिनं त्याचा पाय सरळ मांडीवर घेतला.

"अवं सिस्टर, हात नका लावू!"

"काहून? रोग कवाच गेलाय तुमचा. जखम तेवढी राहिली. रोज धुवायची, पट्टी बांधायची. अन् अनवाणी एक पाऊलबी टाकायचं न्हाई."

बायको पद्माबाईनं हे पक्कं मनावर घेतलं. रोज सकाळी पाण्याचं घमेलं पुढ्यात ठेवून ती राखणीलाच उभी राहायची. हळूहळू जखम भरली. एप्रिल लागला आणि करुणा त्याच्या मापाच्या मऊ रबरी चपला घेऊन आली.

"मंग मिरवणुकीत जाऊ?" भीमराजनं एकदम विचारलं.

"चौकापर्यंत. उड्या मारायच्या न्हाईत. तिथून रिक्षानं घरी."

जयंतीला निळा फेटा बांधून भीमराज बाहेर पडला, तसा एकच गलका झाला. "भीमराजदादा आले!" पोरांनी पहिल्या रांगेत जागा केली. ताशा कडाडला, लेझीम खळाळली. छाती अशी धडधडत होती की ताशा कुठला अन् काळीज कुठलं, त्याचं त्यालाच कळेना!

चौक आला. पद्माबाईनं दंड धरून त्याला रिक्षात बसवलं, तर गडी बसल्या बसल्या लेझीम खेळायला लागला. ती हसता हसता रडायलाच लागली.

पुढच्या दवाखान्याच्या दिवशी तो करुणाच्या शेजारी बसला होता. त्याच्या शेजारच्या घरातली मोतीबाई पदराआड बोटं लपवून आत आली.

"सिस्टर, याच्या पायासारखं माझ्या हाताचं व्हईल का वं?"

करुणा बोलायच्या आधीच भीमराज ओरडला, "व्हईल की! बस इथं, दाखव हात!"