बर्गरवाल्यांचा फ्रीजर

जफरभाई फ्रीज-कूलरचे मेकॅनिक. पण यवतमाळात त्यांना लोक ओळखायचे ते जिनिंगमुळे. हंगामात एका शेठच्या जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातल्या, मशिनी सांभाळायच्या आणि उन्हाळ्यात गावातले कूलर, एसी दुरुस्त करायचे, यात त्यांची वीस वर्षं गेली. मग बोंडअळीनं कापूस खाल्ला. त्या वर्षी जिनिंग दोन महिनेही धड चाललं नाही. पुढच्या हंगामात शेठनं अर्ध्या मशिनींवर ताडपत्री टाकली आणि बाहेरच्या एका बर्गर कंपनीची शाखा गावात उघडली. दर्शनी भागात काचा, आत थंडगार हवा. लोकांना घरबसल्या बर्गर मागवायची नवी सवय लागली होती. लाल पिशव्या पाठीला लावलेले गाडीवाले दुकानासमोर दिवसभर उभे असायचे. शेठनं जफरभाईंना तिथल्या मशिनींवर घेतलं. "तू घरचा माणूस," म्हणाले.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये वादळ आलं आणि दहा तास लाईन गेली. बर्गरच्या दुकानातला इन्व्हर्टर दिव्यांपुरता आणि ऑर्डरच्या टॅबपुरताच होता. जफरभाई गेले तेव्हा फ्रीजरमधल्या चिकनच्या टिक्क्या कडेनं मऊ पडल्या होत्या. मॅनेजर देवीलाल म्हणाला, "चाचा, चालू करून द्या, गोठून जाते." जफरभाईंनी चालू करून दिला. आपलं काम मशीनचं, असा त्यांचा हिशेब.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी अलफिया दहावी पास झाली आणि तिनं बर्गर मागवले. घेऊन आला तो प्रेमसिंग, घाटंजीकडच्या तांड्यातला. चाळिशीचा माणूस, दोन वर्षं कापूस हाती आला नाही म्हणून शेत भावाकडं सोपवून गावात डिलिव्हरी करायचा. जफरभाईंनी त्याला पाणी दिलं आणि स्वतःही एक बर्गर खाल्ला. पुढं दोन दिवस अलफियाचं पोट बिघडलं. सुग्राबीनं, म्हणजे तिच्या आईनं, पाणीपुरीवाल्याला शिव्या घातल्या.

ऑगस्टमध्ये पुन्हा लाईन गेली, ती सव्वीस तास. आली तेव्हा विजेचा दाब एवढा वाढला की फ्रीजरचा रिले जळाला. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारी आगपेटीएवढी डबी. जफरभाईंनी नवा रिले बसवला आणि थंड होतंय का बघायला झाकण उघडलं.

वास थेट अंगावर आला. नुसता कुजका वास असता तर तो परवडला असता, निदान कळतो तरी. हा आंबटगोड होता. वरून मसाला, आणि मसाल्याखालून मेलेला उंदीर. तळाशी बोटभर गुलाबी पाणी साचलेलं. त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झालेला. टिक्क्या एकमेकींना चिकटून एकच गोळा. त्यांनी एक उचलून पाहिली तर बोटाला चिकट तार आली.

मागच्या ओट्यावर एक पोरगी तसल्याच टिक्क्या कागदानं पुसत होती, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवत होती आणि मसाला भुरभुरवून तळणात सोडत होती. टॅब वाजतच होता. दर ऑर्डरला टिंग.

"बाबू, हे नासलं हाये," जफरभाई देवीलालला म्हणाले.

"तेलात गेलं की काही राह्यत नाही चाचा. वरून सॉस असते."

"तुह्या पोराले चारशील?"

देवीलालनं शेठला फोन लावला आणि जफरभाईंच्या कानाला दिला.

"जफर," शेठ शांतपणे म्हणाले, "जूनमधी तू काही बोलला नाही. मंग आजच काहून बोलून राह्यला?"

जफरभाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मऊ पडलेल्या त्या कडा त्यांना दिसल्या. अलफियाच्या हातातला बर्गर दिसला. आपण बोटं चाटली होती हेही आठवलं. त्यांनी फोन ठेवला, खाली वाकून नवा रिले उपसला आणि खिशात टाकला.

"चाचा, दुसरा मेकॅनिक बोलावीन मी."

"बोलाव. तवरिक हे बाहेर जाते."

माल क्रेटमध्ये भरून एक-एक क्रेट ते मागच्या दारानं ओढत नेऊ लागले. मागच्या बाजूला प्रेमसिंग ऑर्डरची वाट बघत उभा होता. "काय झालं जफरभाई?" जफरभाईंनी क्रेट त्याच्या नाकाजवळ नेला. प्रेमसिंग दोन पावलं मागं सरला. मग त्यानं पाठीवरची लाल पिशवी उतरवली, आतली दोन गरम पाकिटं काढली आणि कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकली.

"माह्या हातानं किती घरी देल्लं असन मी," तो म्हणाला. "लोक मले थँक्यू म्हनत."

दोघांनी मिळून सगळा माल ड्रममध्ये रिकामा केला. कोणी परत उचलू नये म्हणून जफरभाईंनी वरून कॉम्प्रेसरचं जुनं काळं तेल ओतलं. नंतर भिंतीला हात टेकून ते ओकले.

दुसऱ्या दिवशी ते अन्न खात्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नमुना आणला काय?"

"मी तं समदं फेकलं. वरून तेल टाकलं."

"मंग तपासू काय?"

जफरभाईंना किळस एवढी आली होती की पुरावासुद्धा त्यांनी स्वतःच नासवून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी दुकान सुरू झालं. मेकॅनिक नवा होता, माल नवा होता की नाही कोण जाणे. शेठनं जफरभाईंचं जिनिंगमधलं कामही काढून घेतलं. हातातल्या ऑर्डरी सोडल्या म्हणून डिलिव्हरी कंपनीनं प्रेमसिंगचं काम बंद केलं. तो तांड्यावर परतला.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. अलफिया ऐकत होती. त्यांच्या घरात हिंदीच चालते. तिनं एवढंच विचारलं, "अब्बू, तुमको जून में ही मालूम था?"

"था," जफरभाई म्हणाले.

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा आणून दिला, पण त्या विषयावर कधी आली नाही. जफरभाईंचं जेवण मात्र बिघडलं. भाजीसुद्धा हुंगल्याशिवाय ते घास घेत नाहीत. मटण आलं की उठून अंगणात जातात. "मेरे हाथ का भी सूंघते!" सुग्राबी वैतागते.

आता ते तालुक्याच्या गावांत फिरून कामं करतात. फ्रीजर कोणाचाही असो, हत्याराला हात लावायच्या आधी मालकाला बोलावतात आणि झाकण उघडून म्हणतात, "आधी तुमी वास घ्या." परवा घाटंजीत एका आइस्क्रीमवाल्यानं वास घेतला आणि नाकाला रुमाल लावला. "चालू करून द्या नं, गोठलं की वास जाते," म्हणाला. जफरभाईंनी झाकण उघडंच ठेवलं, पाना पिशवीत टाकला आणि स्टँडकडं निघाले.