भूमिकाची भट्टी

भूमिका ही फैजपूरच्या केळीवाल्या चुडामण चौधरींची लेक. जळगावात आमच्या प्रयोगशाळेत ती इरिडियमच्या एका काळ्या ऑक्साइडवर पीएच.डी. करते. पुस्तकी हिशोबाने या पदार्थातून वीज वाहायला हवी. वाहत नाही. जड अणूत इलेक्ट्रॉनची स्वतःची गिरकी आणि केंद्राभोवतीची फेरी एकमेकींत इतक्या घट्ट गुंततात, की त्याला हिंडायला जागाच कमी उरते. त्यात इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतात आणि सगळेच जागच्या जागी अडकतात.

पावडर दाबून केलेल्या वडीवर तिने हे मोजून दाखवलं. विभागप्रमुख म्हणाले, "वडीतल्या कणांच्या सांध्यांत वीज अडली असेल. तुझं मोजमापच कच्चं. एकसंध स्फटिक आण, मग बोल." पोरीची अख्खी पीएच.डी. त्यावर टांगली गेली.

उरलंसुरलं सगळं इरिडियम तिने मुशीत मिठाबरोबर भट्टीत घातलं; वितळलेल्या मिठातच स्फटिक वाढतो. स्फटिक वाढवायचा तर भट्टी अगदी सावकाश निववावी लागते. 'बंद करू नये' अशी पाटी लावून ती नवमीला घरी गेली. परत येते तो भट्टी थंडगार, वर झेंडूची माळ, पाटीच्या जागी कुंकवाचं स्वस्तिक. खंडेनवमीची यंत्रपूजा!

"सरनी सांगं व्हतं ताई, पूजाले बठ्ठं बंद करनं पडस," शिपाई भाईदास रडकुंडीला येऊन म्हणाला. सगळं बंद करायचा हुकूमच होता, त्याच्यावर काय चिडायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती विभागप्रमुख सरांमुळे. पूजा आम्हीही करतो. भूमिकाच्या मळ्यात केळीला पाणी सुरू असेल, तर चालू मोटरीलाच कुंकू लावतात. कुणी पाणी तोडत नाही.

भूमिकाने मुशीत गोठलेलं मीठ पाण्यात विरघळवलं. तळाशी तिळाएवढे काळे तुकडे निघाले, बहुतेक तडकलेले. एक धड होता. भिंगाखाली त्याला तारा जोडून तिने तो गार करत नेला. तापमान उतरलं तसा रोध चढतच गेला. इथे कण नाहीत, सांधे नाहीत, तरी वीज अडलेलीच.

सर आले. आलेख पाहून हसले. "बघ! पूजेचं फळ मिळालं की नाही?"

"फळ?" भूमिकाचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "घड पोसायच्या आधी तुम्ही झाडच तोडलंत, सर. हे त्यातून वाचलेलं आहे. माझं मोजमाप कच्चं नव्हतं, तेवढं म्हणा."

सरांनी घड्याळ पाहिलं. "मला मीटिंग आहे. तुम्ही लोक चहा घ्या."

ती दारात जाऊन उभी राहिली.

"आधी म्हणा."